बिनभाड्याच्या जागेवर आपले पान

(बी. ए. द्वितीय वर्ष)

वेबसाइट म्हणजे काय हे आपल्या महाविद्यालयात आता कोणाला समजावून सांगावे लागत नाही. प्रवेशाचा अर्ज, शिष्यवृत्ती, परीक्षेचा निकाल, घरच्या शेताचा सातबारा, ही सारी कामे आपण वेबसाइटवरच उरकतो. परंतु वेबसाइट ही सरकारने, विद्यापीठाने किंवा एखाद्या मोठ्या कंपनीने काढावयाची वस्तू आहे आणि आपण फक्त तिच्यापुढे रांगेत उभे राहावयाचे, अशी एक समजूत आपल्यात रूढ झाली आहे. वास्तविक पुसेगावसारख्या गावातला विद्यार्थी हातातल्या मोबाइलवरून, एक रुपयाही जागाभाडे न देता, स्वतःची वेबसाइट प्रसिद्ध करू शकतो. ती कशी करावी, फुकट जागा देणाऱ्याला त्यात काय मिळते, आणि अशा जागेचा भरवसा किती धरावा, हे तीन प्रश्न प्रस्तुत लेखात घेतले आहेत. पहिल्या प्रश्नाचे उत्तर कोणीही जाणकार मुलगा दहा मिनिटांत देईल. तिसऱ्याचे उत्तर मात्र सहसा कोणी देत नाही, आणि मला तोच महत्त्वाचा वाटतो.

या विषयाकडे मी कशी वळले हे थोडक्यात सांगते. आमच्या घरातून महाविद्यालयात आलेली मी पहिलीच. माझ्या आजीला अक्षरओळख नाही. पण जात्यावरच्या ओव्या तिला इतक्या येतात की एक संपण्याआधी दुसरी तोंडात तयार असते. लोकसाहित्याचा पाठ चालू असताना मी तिच्या ओव्या वहीत उतरवू लागले. मग गल्लीतल्या इतर बायकांनीही सांगितल्या. आजमितीस तेरा जणींच्या मिळून 412 ओव्या माझ्याजवळ आहेत. आमच्या सरांनी या वार्षिकांकात दोन पाने देऊ केली, त्यांत फार तर तीस ओव्या बसतील. उरलेल्यांचे काय? तालुक्याच्या ठिकाणी एका दुकानात वेबसाइटची चौकशी केली, तेव्हा तिथे वर्षाचा जो आकडा सांगितला तो ऐकून वडील म्हणाले, "एवढ्यात सोयाबीनचं बियाणं येतं." पुढे बोलणेच खुंटले. तेव्हापासून बिनपैशाच्या वाटेचा शोध सुरू झाला.

ओव्या वेबसाइटवर घालणे ही माझी नवी कल्पना नव्हे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवां या दोघा अभ्यासकांनी महाराष्ट्रातल्या खेड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा करविल्या. बर्नार्ड बेल यांनी त्या संगणकावर आणण्याचे आणि ध्वनिमुद्रणाचे काम केले. पुढे पी. साईनाथ यांनी 2014 साली सुरू केलेल्या 'पारी' या ग्रामीण भारताच्या संग्रहाने 2017 पासून त्या ओव्या गाणाऱ्या बाईच्या नावागावासह आणि तिच्या आवाजासह प्रसिद्ध करावयास आरंभ केला. वाचणाऱ्याला तिथे काही द्यावे लागत नाही. हे काम पाहिल्यावर मनात येते की आता आपण वेगळे काय करणार? पण लाख ओव्यांच्या संग्रहातही आपल्या गल्लीतल्या तेरा जणी असतीलच असे नाही. शिवाय मोठ्या संस्थेने आपल्या गावात येण्याची वाट पाहत बसलो तर या तेरांपैकी किती उरतील हेही पाहावे लागते. सर्वांत थोरल्या बाईंचे वय ऐंशीच्या पुढे आहे.

आता मूळ विषयाकडे येऊ. वेबसाइटला दोन गोष्टी लागतात, जागा आणि पत्ता. या दोन्हींत लोक नेहमी गल्लत करतात. जागा म्हणजे रात्रंदिवस चालू असणाऱ्या, इंटरनेटला जोडलेल्या एखाद्या संगणकावरचा कोपरा. तिथे आपली पाने ठेवलेली असतात आणि जो मागेल त्याला तो संगणक ती पाठवतो. यालाच होस्टिंग म्हणतात. पत्ता म्हणजे डोमेन, अर्थात वाचक जे नाव टाइप करून आपल्यापर्यंत पोचतो ते. जागा एकाची आणि पत्ता दुसऱ्याकडून घेतलेला, असे असू शकते. जागा फुकट मिळते. स्वतःच्या नावाचा पत्ता सहसा फुकट मिळत नाही; त्याला दरसाल फी भरावी लागते. मात्र फुकट जागा देणारे आपल्या पत्त्यालाच शेपूट जोडावे तसे आपले नाव जोडून देतात, आणि सुरुवातीला तेवढ्यावर भागते.

जागा तरी किती लागते? हा हिशेब मी स्वतः करून पाहिला आणि त्याने माझी निम्मी भीती गेली. संगणकात देवनागरीतील प्रत्येक चिन्हाला, म्हणजे अक्षराला, काना-मात्रेला, अनुस्वारालाही, यूटीएफ-8 या पद्धतीत तीन बाइट लागतात. दोन ओळींच्या ओवीत अशी सुमारे ऐंशी चिन्हे धरली तर एक ओवी अडीचशे बाइटच्या आसपास जाते. माझ्या 412 ओव्या म्हणजे एक लाख बाइटच्या थोड्या वर. मोबाइलवर काढलेला एक साधा फोटो तीस लाख बाइटचा असतो! म्हणजे आजीच्या एका फोटोत तिच्या सगळ्या ओव्या तीस वेळा मावतील. फुकट जागा देणारी गिटहब ही कंपनी एका वेबसाइटला एक जीबी, म्हणजे शंभर कोटी बाइट वापरू देते. राईरकर-पॉइटवां यांच्या लाख ओव्यांचा नुसता मजकूर घेतला तरी तो या हिशेबाने त्या जागेचा चाळिसावा भाग व्यापील. ज्याला आपण मोठे लिखाण समजतो ते संगणकाच्या लेखी चिमूटभर आहे.

त्या कंपन्या जागा फुकट का देतात याचेही उत्तर बरेचसे याच हिशेबात आहे. नुसती लिहिलेली, न बदलणारी पाने ठेवायला आणि पाठवायला त्यांना जवळजवळ खर्चच येत नाही. गिटहब 2008 साली सुरू झाली, ती मुख्यतः प्रोग्राम लिहिणाऱ्यांना आपले काम ठेवण्यासाठी. त्याच वर्षी तिने 'पेजेस' ही वेबसाइटची सोय काढली. 2018 मध्ये मायक्रोसॉफ्टने ती कंपनी विकत घेतली. तिची कमाई मोठ्या कंपन्यांकडून येते. आपल्यासारख्यांना सवय लागावी आणि उद्या नोकरीत गेल्यावर आपण तिचेच नाव सांगावे, एवढा तिचा लाभ. ब्लॉगर ही 1999 सालची सोय 2003 पासून गूगलकडे आहे. तिथे खुणा वगैरे काही न शिकता लिहिता येते, म्हणून बरेच मराठी लिहिणारे तिकडे गेले. 2013 साली निघालेल्या निओसिटीजवरही एक जीबी जागा बिनपैशाने मिळते. यात कोणी धर्मादाय करीत नाही, आणि कोणी आपल्याला फसवीतही नाही. अटी वाचाव्यात म्हणजे झाले. उदाहरणार्थ, गिटहबच्या या जागेवर दुकान चालवण्यास मनाई आहे, आणि महिन्याला शंभर जीबीपेक्षा अधिक मजकूर वाचकांकडे जाऊ लागला तर ते हटकू शकतात. ओव्या वाचायला इतकी गर्दी झाली तर मी आनंदाने हटकून घेईन.

प्रत्यक्ष कृती अशी. गिटहबवर ईमेलच्या आधारे खाते उघडावे. तेथे आपले एक नाव निवडावे लागते. ते विचाराने निवडावे, कारण तेच पत्त्यात येते. मग 'रिपॉझिटरी' म्हणजे एक कपाट तयार करावयाचे आणि त्याला आपले नाव, त्यापुढे डॉट गिटहब डॉट आयओ, असे रोमन लिपीत नाव द्यावयाचे. कपाट 'पब्लिक', म्हणजे सर्वांना उघडे ठेवावे लागते. फुकट खात्याची तशी अट आहे. त्यात 'इंडेक्स डॉट एचटीएमएल' या नावाची फाइल करावयाची. हे नाव रोमनमध्ये आणि लहान अक्षरांतच हवे, कारण दार उघडल्याबरोबर संगणक याच नावाचे पान शोधतो. ब्राउझरमध्येच फाइल लिहिता येते, त्यासाठी वेगळा संगणक लागत नाही. लिहून झाल्यावर 'कमिट' हे बटण दाबावे. सेटिंगमध्ये 'पेजेस' चालू आहे की नाही ते पाहावे आणि दहा मिनिटे थांबावे. आमच्याकडे लाइट आणि रेंज या दोन्ही एकाच वेळी असतील तर एवढे सगळे एका संध्याकाळी होते.

फाइलमध्ये लिहावयाचे काय? एचटीएमएल ही काही अवघड विद्या नाही. मजकुराच्या आधी एक खूण आणि नंतर एक खूण, असा सगळा कारभार. परिच्छेदाला एक जोडी, मथळ्याला दुसरी, दुसऱ्या पानाकडे जाणाऱ्या दुव्याला तिसरी. आपण पाटीवर शब्दाखाली रेघ ओढून 'हा मथळा' असे दाखवीत होतो, तसेच. सहा-सात खुणा पाठ केल्या की ओव्यांचे पान उभे राहते. रंगीबेरंगी हलत्या चित्रांची हौस ज्याला आहे त्याने पुढे ती भागवावी. माझे मत विचाराल तर पहिले वर्षभर तिच्या वाटेला जाऊ नये.

मराठी मजकुराच्या बाबतीत मात्र दोन-तीन गोष्टी नीट पाहाव्या लागतात. टायपिंगच्या दुकानात अजूनही जुन्या फाँटमध्ये मराठी टंकित करतात. तिथे संगणकाच्या पोटात वास्तविक इंग्रजी अक्षरे असतात आणि वर फक्त मराठी आकारांचा मुखवटा असतो. असा मजकूर वेबसाइटवर घातला की मुखवटा गळून पडतो आणि नुसता रोमन अक्षरांचा गोंधळ दिसतो. मोबाइलचा मराठी कीबोर्ड युनिकोडमध्ये लिहितो, त्यामुळे ही अडचण येत नाही. म्हणजे या एका बाबतीत मोबाइलवर लिहिणारा विद्यार्थी दुकानातल्या संगणकापेक्षा पुढे आहे. दुसरे असे की, पानाच्या आरंभी मजकूर यूटीएफ-8 मध्ये आहे आणि भाषा मराठी आहे, हे दोन ओळींत सांगून ठेवावे. भाषा मराठी असे सांगितले तर ज्या फाँटमध्ये सोय आहे तिथे 'ल' आणि 'श' आपल्या मराठी वळणाचे येतात. नाही तर ते हिंदी वळणाने उमटण्याचा संभव असतो. आणि 'दर्या' व 'दऱ्या' यांतला फरक जपण्यासाठी अर्धा 'ऱ' कीबोर्डवर कोठे आहे तो एकदा शोधून ठेवावा. ओवीत 'घोड्यावऱ्हं' असे काही ऐकू आले तर ते तसेच लिहिता आले पाहिजे. प्रमाणभाषेत दुरुस्त केलेली ओवी म्हणजे आजीच्या तोंडात घातलेला माझा शब्द झाला.

आता त्या तिसऱ्या प्रश्नाकडे. फुकट जागेचा भरवसा किती?

याचा मोठा दाखला जगाने पाहिलेला आहे. 1994 साली अमेरिकेत जिओसिटीज नावाची सोय निघाली. तेथे कोणालाही फुकट जागा मिळे. जागांची वाटणी शहरातल्या वस्त्यांप्रमाणे होती, म्हणजे सिनेमाची आवड असणारे 'हॉलीवूड' वस्तीत, तत्त्वज्ञान लिहिणारे 'अथेन्स' वस्तीत. (आपल्याकडे त्या वेळी सामान्य माणसाला इंटरनेट मिळतच नव्हते. ती सेवा विदेश संचार निगमने 15 ऑगस्ट 1995 रोजी सुरू केली.) लाखो लोकांनी जिओसिटीजवर आपापली पाने मांडली: कोणी मेलेल्या मुलाच्या आठवणी, कोणी पाळलेल्या मांजराचे फोटो, कोणी आवडत्या गायकाची गाणी. 1999 साली याहूने ती अब्जावधी डॉलर मोजून विकत घेतली. आणि 26 ऑक्टोबर 2009 रोजी बंद करून टाकली. जपानातली शाखा तेवढी 2019 पर्यंत टिकली. इंटरनेट आर्काइव्ह आणि आणखी काही हौशी मंडळींनी धावपळ करून पुष्कळ पाने उतरवून घेतली म्हणून ती आज पाहावयास मिळतात. पण जी कोणाच्या हाती लागली नाहीत ती गेली. फुकट पत्त्यांचीही तीच तऱ्हा. टोकेलाऊ नावाच्या चिमुकल्या बेटांच्या वाट्याचे 'डॉट टीके' हे पत्ते फ्रीनॉम नावाची कंपनी वर्षानुवर्षे फुकट वाटीत होती. 2023 मध्ये तिने नवे पत्ते देणे थांबविले आणि पुढच्या वर्षी त्या धंद्यातून अंग काढून घेतले.

आमच्याकडे ज्यांना स्वतःची जमीन नाही किंवा पुरत नाही ते दुसऱ्याचे शेत बटईने करतात. माझे वडीलही करतात. बटईच्या रानात सोयाबीन पेरतात, तूर पेरतात, हळदही लावतात. पण आंब्याचे झाड कोणी लावीत नाही, कारण पुढच्या पाडव्याला ते रान आपल्याकडे राहील की नाही हे मालकाच्या मनावर असते. जिओसिटीजची हकिकत वाचताना मला ही गोष्ट आठवली. पण संगणकाच्या रानात एक सोय अशी आहे जी जमिनीत नाही: झाड मुळासकट उचलून दुसरीकडे नेता येते आणि ते वाळत नाही. अट एवढीच की ते झाड आपल्या हाताने, साध्या फाइलींत लावलेले असावे आणि त्याची प्रत आपल्या घरी असावी. ज्यांच्याजवळ जिओसिटीजच्या पानांची स्वतःची प्रत होती त्यांनी ती दुसऱ्या जागेवर नेऊन ठेवली. ज्यांचे सगळे तिथेच होते, ते हात चोळत बसले.

म्हणूनच मी ब्लॉगरसारखी सोपी वाट सोडून एचटीएमएलच्या साध्या फाइलींची वाट धरली. ब्लॉगरवरूनही मजकूर उतरवून घेता येतो. पण तो त्यांच्या साच्यात मिळतो, आणि तो नीट करीत बसावे लागते. साधी एचटीएमएल फाइल मात्र गिटहबवर, निओसिटीजवर, उद्या निघणाऱ्या आणखी कोणत्या जागेवर, एवढेच नव्हे तर इंटरनेट नसताना नुसत्या मोबाइलवरही तशीच उघडते. युरोपातील सर्न या संशोधनसंस्थेने 30 एप्रिल 1993 रोजी वेबचे हे तंत्र सर्वांसाठी खुले केले, त्यावर कोणाची मालकी ठेवली नाही. आपण ज्याच्या जिवावर फुकट प्रकाशित होतो ते खरे दान हे आहे. कंपन्यांची जागा त्यापुढे किरकोळ.

माझ्या पानांची एक प्रत मोबाइलमध्ये आहे, एक पेनड्राइव्हवर, आणि मूळ वही लोखंडी पेटीत. याखेरीज पान प्रसिद्ध झाल्यावर इंटरनेट आर्काइव्हला त्याचा पत्ता देऊन तिथेही एक नक्कल उतरवून ठेवली. त्यालाही पैसे पडत नाहीत. इतक्या नकला कशाला, असे मैत्रिणी विचारतात. त्यांना मी आपल्या जिल्ह्यातलेच उदाहरण देते. ज्या नामदेवांचा जन्म आपण नरसीला झाला असे मानतो, त्यांची 61 पदे शिखांच्या गुरु ग्रंथसाहिबात आहेत. त्या ग्रंथाचे पहिले संकलन 1604 साली पंजाबात झाले. नरसीपासून पंजाब किती दूर! पण तिथल्या लोकांनी ती पदे आपल्या पोथीत उतरवून जिवापाड जपली. एका ठिकाणची वही हरवली तरी दुसऱ्या ठिकाणची राहते. चार नकला ठेवल्या म्हणून माझ्या आजीची ओवी नामदेवांच्या पदाइतकी टिकेल असा माझा दावा नाही. पण पेटीला वाळवी लागली तर मला झोप लागली पाहिजे.

ज्याला पुढे ऐपत होईल त्याने पत्ता तेवढा स्वतःच्या नावाने घ्यावा, असे माझे मत आहे. डॉट इन घ्या, नाही तर 2014 पासून देवनागरीत मिळणारा डॉट भारत घ्या. पत्ता आपला असला की जागा कितीदाही बदलली तरी वाचकाला कळतसुद्धा नाही. फुकट जागेबरोबर आलेला पत्ता मात्र जागेबरोबरच जातो. सध्या मी गिटहबच्याच पत्त्यावर आहे.

शेवटी एक गोष्ट सांगावयाची राहिली, आणि ती तंत्राची आहे की माणसांची हे मला अजून ठरविता आलेले नाही. जात्यावरची ओवी ही बाईने अंधारात, पहाटे, स्वतःशी म्हटलेली असते. तिच्यात सासू असते, दीर असतो, न आलेले माहेरचे बोलावणे असते. माझ्या वहीतल्या काही ओव्यांत माणसे इतकी स्पष्ट आहेत की गावातल्या कोणालाही घर ओळखता येईल. आमच्या शेजारच्या काकूंना मी विचारले, तेव्हा त्या म्हणाल्या, "लिही माय, पर माझं नाव नको घालू त्यात." 'पारी'ने प्रत्येक गाणारणीचे नाव दिले आहे, आणि तेच न्यायाचे आहे, आजवर बायकांच्या ओव्या 'लोकगीत' म्हणून बिननावाच्या राहिल्या, हे काही चांगले झाले नाही. पण नाव देण्याचा न्याय मी तिच्या मर्जीविरुद्ध कसा करू? तिला त्याच घरात राहावयाचे आहे.

इथे गिटहबचा एक गुण अडचणीचा होतो. त्या उघड्या कपाटात फाइलीची प्रत्येक जुनी आवृत्ती जपून ठेवलेली असते. आज घातलेले नाव उद्या खोडले तरी कालची प्रत जो शोधील त्याला सापडते. ती मिटवायची तर मोठा खटाटोप करावा लागतो किंवा सगळे कपाटच पाडावे लागते. शिवाय मध्यंतरी कोणी पान उतरवून घेतले असेल तर ते आपल्या हाती नाहीच. टिकावे म्हणून केलेल्या नकला नको असलेली गोष्टही टिकवतात. यासाठी मी नावांची वही निराळी ठेवली असून ती संगणकावर आणलेलीच नाही. प्रत्येकीला तिचे पान मोबाइलवर आधी वाचून दाखवते, हे पान मुंबईचा माणूसही पाहील आणि तिचा दीरही पाहील असे सांगते, आणि ती म्हणेल त्या ओव्या गाळते. आतापर्यंत एकोणीस ओव्या अशा गाळल्या. त्या वहीत आहेत. चांगल्याच ओव्या आहेत त्या, किंबहुना त्याच सर्वांत चांगल्या. तरी त्या तिथेच राहतील.

तेराजणींपैकी दोघींनी नाव घालावयास होकार दिला आहे. त्यांत एक माझी आजी. उरलेल्या अकराजणींच्या ओव्यांखाली 'पुसेगाव' एवढेच लिहिले आहे. आवाज मुद्रित करून घालावा असेही मनात आहे. मिनिटाला अर्धा एमबी धरला तरी प्रत्येकीची दहा मिनिटे मिळून 65 एमबी होतात, म्हणजे जागेचा प्रश्न नाही. मात्र आवाज गावात नावापेक्षाही लवकर ओळखू येतो. तेव्हा तूर्त तो दोघींचाच घेणार आहे, सोंगणी आटोपल्यावर.